पापासकळ्ळीचं लाल पाणी

फड्या निवडुंग पाहून मराठी माणसाला नागाचा फडा आठवला. हिंदीवाल्यांनाही नागच आठवला, म्हणून नागफनी. तेलुगूत नागजेमुडु, म्हणजे तिथंही नाग सुटला नाही. कानडीला मात्र त्यात पायताणाचा तळवा दिसला आणि नाव पडलं पापासकळ्ळी. पापास म्हणजे चप्पल, कळ्ळी म्हणजे निवडुंग. मला स्वतःला कानडी नाव जास्त पटतं. ते पान हातात धरून बघा (चिमट्यानं हो!), नागापेक्षा चपलेशीच त्याचं जास्त जमतं.

ही चारही नावं एका घरात ऐकायला मिळतात, ते घर माझ्या नणंदेचं. हैदराबादेत, मौलाअलीच्या बाजूला. १९५६ पर्यंत बिदर, गुलबर्गा, उस्मानाबाद, नांदेड सगळे एकाच हैदराबाद राज्यातले, तेव्हा आपल्याकडच्या कुणाचं ना कुणाचं माणूस तिकडे असतंच. वन्संच्या सासूबाई भालकीकडच्या, त्यांना सगळे अव्वा म्हणतात. कॉलनीच्या मागं मोठमोठ्या खडकांची टेकडी आहे आणि खडकांच्या फटीत हा निवडुंग माजलेला. मोकळी जागा दिसली की इमारत उभी राहायची, असा आता त्या शहराचा खाक्या. तरी खडक फोडणं महाग पडतं, म्हणून तेवढा तुकडा अजून राहिला आहे.

झाड आपल्या मातीतलं वाटतं, पण ते मूळचं अमेरिका खंडातलं. पोर्तुगीजांची जहाजं यायला लागल्यानंतर ते इकडे आलं. पुढं इंग्रजांना त्यात रंगाचा धंदा दिसला. निवडुंगावर पोसणारे कोचिनीलचे किडे वाळवले की किरमिजी रंग मिळतो. १७९५ साली कॅप्टन निल्सन यांनी ब्राझीलमधून किडे कलकत्त्याला आणले, पण ती जात अस्सल नव्हती. रंग काही साधला नाही, किडे मात्र निवडुंगाची एक जात फस्त करत सुटले. काटेरी जाती तरीही शेतंच्या शेतं व्यापत राहिल्या. शेवटी १९२६ साली श्रीलंकेतून दुसरी किड्यांची जात मुद्दाम आणून सोडली, तेव्हा दक्षिणेतली हजारो हेक्टर जमीन पाच-सहा वर्षांत मोकळी झाली. आज खडकाच्या फटीत, कुंपणाला दिसतो तो त्या मारातून वाचलेला.

एवढं सांगायचं कारण असं की, ‘आयुर्वेदात सांगितलेला निवडुंग’ म्हणून हल्ली जे खपवलं जातं ते हा निवडुंग नव्हे. चरकसंहितेत येते ती स्नुही. ती दुधी चिकाची, जहाल रेचक, वैद्यानंच हाताळायची वस्तू. त्रिधारी निवडुंग आणि शेर तिच्याच कुळातले. त्यांचा चीक डोळ्यात गेला तर डोळा गमवायची पाळी येते. खूण सोपी आहे: पान मोडल्यावर पांढरं दूध आलं की हात मागं घ्यायचा. फड्या निवडुंगातून दूध येत नाही, भेंडीसारखा बुळबुळीत रस येतो.

आता खाण्याचं. फुलं पिवळीधमक, आणि नंतर येणारी बोंडं पिकली की गडद लाल. मोठे काटे दिसतात म्हणून त्यांची भीती नाही. खरी पीडा बोंडावरच्या बारीक लवेची. ती बोटात शिरली की दिसत नाही आणि दोन दिवस सुखानं जेवू देत नाही (चिकटपट्टी दाबून ओढली तर बरीचशी निघते). अव्वांची रीत अशी: सांडशीनं बोंड तोडायचं, वाळूत घोळायचं, मग निखाऱ्यावर किंवा गॅसवर फिरवून लव जाळायची. दोन्ही टोकं कापायची, शेंड्याकडच्या खळग्यात लव दडून बसते म्हणून तिकडचं जरा जास्तच. साल काढून गर कुस्करायचा आणि दुहेरी फडक्यातून गाळायचा. इथं आळस नको, घशात लव गेली तर हाल. त्या रसात गूळ, लिंबू, जिऱ्याची पूड, चिमूट काळं मीठ. रंग असा की पाहुण्याला वाटावं, काहीतरी बाजारचं घातलंय. गर बियांसकट पोटभर खाल्ला तर पोट गच्च होतं, हेही त्याच सांगतात.

कोवळी पानं मेक्सिकोत भाजी म्हणून रोज खातात. मी एकदा काटे खरवडून, चिंच घालून, तुरीच्या वरणात टाकून पाहिली. ज्वारीच्या भाकरीबरोबर वाईट लागत नाहीत, पण घरात दुसऱ्यांदा कुणी मागितली नाहीत. एक मजा कळली. पहाटे तोडलेलं पान आंबट आणि संध्याकाळचं बेचव. हे झाड पाणी वाचवायला रात्रीच श्वासरंध्रं उघडून हवा घेतं आणि तिचं आम्ल करून साठवतं, दिवसभर उन्हात ते वापरून टाकतं. मूतखड्याचा त्रास असेल त्यांनी ही भाजी टाळावी, ऑक्सलेट भरपूर असतं.

औषध म्हणून दोन उपयोग जुन्या माणसांच्या तोंडी असतात. पान चिरून, गरम करून गळवावर बांधायचं आणि भाजलेल्या बोंडाचा रस डांग्या खोकल्यावर द्यायचा. पहिल्याचं मला काही वावगं वाटत नाही, गरम पोटीसच ते. डांग्या खोकल्याला मात्र आज लस आहे.

खरी गोष्ट पुढंच आहे. गेल्या वर्षी वन्संच्या मुलीचं हिमोग्लोबिन ८.२ निघालं. बारावीचं वर्ष, जिना चढताना दम लागायचा. डॉक्टरांनी लोहाच्या गोळ्या दिल्या, त्यानं पोट बिघडलं, गोळ्या बंद. कुणीतरी गुजरातेकडच्या ‘फिंडला’ रसाची बाटली सुचवली. फिंडला म्हणजे हेच बोंड. तिकडे रक्त वाढवणारं म्हणून त्याचा मोठा बोलबाला आहे. दोन महिने पोरगी रस पीत होती आणि आकडा हलत नव्हता.

“वहिनी, एवढं लाल आहे, रक्त होणारच की,” वन्सं म्हणाल्या.

लाल आहे ते बीटासारखंच, बीटालेन नावाच्या रंगामुळं. पुष्कळ प्यायलं तर लघवीलाही तो रंग येतो आणि माणूस घाबरतो. त्या रंगाचा रक्ताशी संबंध नाही. बोंडात लोह थोडंच असतं. क जीवनसत्त्व मात्र चांगलं असतं आणि ते लोह शोषायला मदत करतं. म्हणजे रस हा गोळीचा सोबती, गोळीच्या जागी बसणारा नव्हे. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत १५ ते ४९ वयाच्या शंभरातल्या ५७ बायकांना रक्तक्षय आढळला होता. इतक्या घरांत ही गोष्ट असताना बाटलीवर विसंबणं मला तरी परवडणारं वाटत नाही.

वन्सं माझ्यावर थोड्या रुसल्या. पण अव्वांनी माझी बाजू घेतली, आणि तेही कानडीत, म्हणजे विषय संपला. मुलीला पुन्हा दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी गोळी बदलली, एक दिवसाआड घ्यायला सांगितली, चहा तिच्यापासून दोन तास लांब. अव्वांचं घरचं सरबत गोळीबरोबर चालेल का, हेही विचारून घेतलं, ते चाललं. तीन महिन्यांनी आकडा १०.९ झाला. गोळ्या अजून चालू आहेत, डॉक्टर थांबवा म्हणेपर्यंत चालू राहतील.

बोंडं काढायला हल्ली भाचीच टेकडीवर जाते, आणि खालून अव्वा ओरडतात, “मुळ्ळु नोड्रि!”