दाबून धरलेला नेम

नृसिंहवाडी. शेजारती झाली, संगमावरून गार वारा येतोय.

संध्याकाळी भाच्याबरोबर ‘स्प्लॅटून ३’ हा व्हिडिओ गेम खेळले. चार विरुद्ध चार, तीन मिनिटं, जमीन आपल्या रंगाने माखायची. बाकीचे शाई उधळत पळतात. मला भावतं ते ‘चार्जर’ हे हत्यार. बटण दाबून धरायचं, जोर पूर्ण भरू द्यायचा, मग सोडायचं. नेम बसला की समोरचा एका फटक्यात बाद. पण भरताना चाल मंदावते आणि नेमाची रेघ प्रतिस्पर्ध्यालाही दिसते. धीर धरायचा, तोही उघड्यावर! या हत्याराचा मोठेपणा मला यातच वाटतो.

त्यावरून कोल्हापूर जिल्ह्यातल्या राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीचा नेमबाज स्वप्नील कुसाळे आठवला. १ ऑगस्ट २०२४, पॅरिस ऑलिंपिक, ५० मीटर रायफल : गुडघ्यावर बसून, पालथं पडून, शेवटी उभं राहून नेम. ४५१.४ गुण आणि कांस्यपदक. त्याआधी २०१० मध्ये म्युनिकला कोल्हापूरचीच तेजस्विनी सावंत नेमबाजीत जगज्जेती झाली होती. दोघांचंही बळ चाप ओढण्याआधीच्या त्या थांबण्यात.

तुमच्या घरात चार्जर आवडणारं पोर असेल, तर त्याला एकदा खऱ्या शूटिंग रेंजवर घेऊन जा.