पाचव्या अध्यायातला नहेम्या

आमच्या मंडळीत बांधकामाचं काही निघालं, की व्यासपीठावर नहेम्या आलाच म्हणून समजा. कंपाउंडची भिंत असो की सभागृहाचं छप्पर, जुन्या करारातलं ते पुस्तक उघडतं आणि पाठोपाठ वर्गणीची वही फिरते. तरुण संघाच्या शिबिरांतून मीही या माणसावर भरपूर बोललो आहे. माझे मुद्दे ठरलेले असायचे. शूशनच्या राजवाड्यात अर्तहशश्त राजाचा प्यालेबरदार असलेला हा यहुदी, यरुशलेमचा कोट पडलेला ऐकून रडतो, राजाकडून रजा आणि लाकडासाठी पत्र मिळवतो, रात्री गुपचूप पडक्या भिंतीची पाहणी करतो आणि इ.स.पूर्व ४४५ च्या सुमारास ५२ दिवसांत काम पुरं करून दाखवतो. तिसऱ्या अध्यायातली कामाची वाटणी तर मला पाठच होती. सोनार, सुगंधी द्रव्यं बनवणारे, याजक, आपल्या मुलींना घेऊन आलेला शल्लूम, सगळे जुंपलेले. फक्त तकोवाचे सरदार तेवढे खांदा द्यायला तयार नाहीत. पुढारी असावा तर असा, असं मी मनापासून मानत होतो.

पुढे एका पतसंस्थेच्या कर्जसमितीवर बसू लागलो. तारणाच्या बांगड्या काट्यावर ठेवल्या जाताना समोरची बाई काट्याकडे बघत नाही, भलतीकडेच कुठेतरी बघते, हे तिथे पाहिलं. त्यानंतर पाचवा अध्याय नुसता चाळून पुढे जाणं जमेना. शिबिरात मी चौथ्यावरून थेट सहाव्यावर उडी मारत असे, कारण मधे भिंतीचं काहीच घडत नाही.

घडतं ते वेगळंच. काम ऐन रंगात, शत्रू टपलेले, आणि गरीब माणसं बायकांसह ओरड करत येतात. कुणी म्हणतं, खाणारी तोंडं फार, धान्य नाही. कुणी दुष्काळात शेतं, द्राक्षमळे, घरं गहाण टाकलीत. कुणी राजाचा सारा भरायला कर्ज काढलंय. पोरं गुलामीत द्यायची वेळ आलीय, काही मुली तर गेल्याही आहेत. आणि सावकार कोण? परके नव्हेत, आपलेच भाऊबंद, आपलेच सरदार.

आमच्या समितीत अशा वेळी काय म्हणतात ते मला चांगलं ठाऊक आहे: आधी हातातलं काम होऊ द्या, मग बघू. सरदारांना दुखवणं नहेम्याला परवडणारं नव्हतंच. तरी तो मोठी सभा भरवून त्यांना सगळ्यांसमोर उभं करतो. आणि तिथेच, कुणी विचारलेलं नसताना, सांगून टाकतो की मी, माझे भाऊ आणि माझे चाकरही लोकांना पैसा नि धान्य उसनं देत आलो आहोत. हे आता आपण सोडू या. बोट दुसऱ्यांकडे दाखवून भागलं असतं. त्याने स्वतःला त्याच ओळीत उभं केलं. गहाणाची जमीन परत, व्याजापोटी घेतलेला शंभरावा हिस्साही परत, याजकांना बोलावून शपथ, वर ओचा झटकून दिलेली ताकीद. माझ्या लेखी आता त्याचं पुढारीपण इथे आहे. भिंत काय, खमका मुकादमही बांधून घेतो.

सुभेदार म्हणून मिळणारा भत्ता त्याने १२ वर्षं घेतला नाही. आधीचे सुभेदार अन्न आणि द्राक्षारसाखेरीज ४० शेकेल रुपं घेत. याच्या पंगतीला १५० यहुदी आणि अधिकारी, वर आसपासच्या राष्ट्रांतून आलेले पाहुणे. रोज एक बैल, सहा निवडक मेंढरं आणि कोंबड्या-पाखरं शिजत. हा हिशेब तो देवाला ऐकवतो आणि माझ्या भल्यासाठी याची आठवण ठेव असंही बजावतो. पूर्वी हे मला फार गोड वाटायचं. आता वाटतं, एवढं पदरचं खर्च करणाऱ्याकडे तेवढं होतं, हेही बोलायला हवं. शिवाय सगळं तोच सांगतोय, कोटाच्या कामाला विरोध करणाऱ्या सनबल्लटाची बाजू आपल्यापर्यंत येत नाही. राजाचा सारा कमी करावा असा शब्दही त्याने कुठे काढलेला दिसत नाही. दरबारचा माणूस तो, मर्यादा त्यालाही होत्या. आणि तेराव्या अध्यायात परक्या बायका केलेल्यांना तो मारतो, त्यांचे केस उपटतो. तिथे मी त्याच्या बाजूने उभा राहू शकत नाही, शिबिरातही राहणार नाही.

एक गोष्ट मात्र अजून सुटलेली नाही. परत करायच्या यादीत शेतं आहेत, द्राक्षमळे, जैतुनाचे मळे, घरं आहेत. पैसा, धान्य, द्राक्षारस, तेल यांचा हिस्साही आहे. गुलामीत गेलेल्या मुलींचं नाव त्या यादीत नाही. सावकारांनी शब्द पाळला असं पुस्तक म्हणतं. त्या मुली घरी आल्या का, हे मी वर्गणीच्या सभेत विचारलं, तेव्हा खजिनदारांनी पुढचा विषय घेतला.