डबलसीट पृथ्वीप्रदक्षिणा

मोटारसायकलवरून वर्षानुवर्षे जग फिरायला निघणाऱ्या जोडप्याला सगळ्यात आधी एक प्रश्न सोडवावा लागतो : गाडी एक घ्यायची की दोन? नकाशा, व्हिसा, पैसा यांचा विचार त्यानंतर. डबलसीट गेले तर पेट्रोल एकाच टाकीत भरायचे, सीमेवर कागद एकाच गाडीचे, जहाजाचे भाडेही एकाच गाडीचे. पण तेवढ्याच खोक्यांत दोघांचा संसार कोंबायचा आणि सगळा भार मागच्या चाकावर टाकायचा. दोन गाड्या घेतल्या तर प्रत्येकाला आपापले हँडल, आपापला वेग आणि वाट चुकण्याची आपापली मुभा मिळते; तिची किंमत प्रत्येक पंपावर आणि प्रत्येक बंदरावर दुपटीने चुकती करावी लागते.

मोटारसायकलवरून पृथ्वीप्रदक्षिणा करणारा पहिला प्रवासी म्हणून कार्ल स्टर्न्स क्लॅन्सी या अमेरिकन तरुणाचे नाव घेतले जाते. १९१२-१३ साली चार सिलिंडरच्या हेंडरसन गाडीवर त्याने सुमारे २९,००० किलोमीटर कापले. सुरुवातीला त्याच्याबरोबर एक सोबती होता; तो मध्येच परतला आणि क्लॅन्सी एकटाच पुढे गेला. त्यानंतर बरीच वर्षे ही कथा एकट्या पुरुषांची, फार तर दोन मित्रांची राहिली. जोडप्यांचे लांबचे प्रवास ठळकपणे दिसू लागले ते १९८०च्या दशकापासून. त्याला गाड्याही कारण झाल्या. १९८० साली बीएमडब्ल्यूने आर८० जी/एस बाजारात आणली. तिच्यात मागच्या चाकाला साखळी नव्हती, शाफ्ट होता. म्हणजे धुळीत साखळी घासत, तेल घालत बसण्याचे रोजचे काम संपले. इंजिनाचे दोन सिलिंडर दोन्ही अंगांना बाहेर आलेले असल्याने थंडीत पायांना ऊब मिळे, आणि दोघांना सामानासकट ओढण्याइतका जोरही तिच्यात होता.

याच जातीच्या गाडीवर ग्रँट आणि सुझन जॉन्सन हे कॅनडातील दांपत्य १९८७ साली निघाले. त्यांची प्रदक्षिणा पुरी व्हायला अकरा वर्षे लागली. पुढे त्यांनीच ‘होरायझन्स अनलिमिटेड’ या नावाने जगभरच्या मोटारसायकल प्रवाशांना एकत्र आणले. अर्जेंटिनाचा एमिलिओ स्कोटो १९८५च्या जानेवारीत होंडा गोल्ड विंगवर एकटाच बाहेर पडला आणि एप्रिल १९९५मध्ये ७,३५,००० किलोमीटर करून घरी आला. गिनेसच्या पुस्तकात सर्वांत लांब मोटारसायकल प्रवासाचा विक्रम त्याच्या नावावर आहे. प्रवासाच्या उत्तरार्धात मात्र मागच्या सीटवर पत्नी मोनिका होती. ऑस्ट्रेलियाचे पीटर आणि के फॉरवुड यांनी तर हार्ले-डेव्हिडसनसारखी जडशीळ, गुळगुळीत महामार्गासाठी घडवलेली गाडी एकशे नव्वदहून अधिक देशांतून फिरवली. गाडी योग्य असावी लागते, या समजाला त्यांनी दिलेला हा धक्का अजून पचलेला नाही.

दोन गाड्यांच्या पंथातले सर्वांत माहीत असलेले नाव क्रिस आणि एरिन राते या अमेरिकन जोडप्याचे. मे १९९९ ते ऑगस्ट २००३ या काळात आपापल्या बीएमडब्ल्यूवर त्यांनी ५० देश पाहिले आणि सुमारे १ लाख ६३ हजार किलोमीटरचा, दोन गाड्यांवरच्या जोडप्याचा विक्रम नोंदवला. इंग्लंडचे सायमन आणि लिसा थॉमस २००३ साली निघाले ते दीड वर्षाचा बेत करून. तो दीड वर्षाचा बेत पंधरा वर्षांच्याही पुढे लांबला. लांब प्रवासाच्या बाबतीत हे अपवादाने घडत नाही. पहिल्या वर्षात माणूस निघालेला असतो. दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी तो प्रवासातच राहायला लागतो, फक्त त्याचा पत्ता रोज बदलतो.

अशा संसाराचे घर म्हणजे बाजूचे दोन डबे आणि मागे एक. तंबू, झोपायच्या पिशव्या, गाडीच्याच टाकीतल्या पेट्रोलवर पेटणारा चिमुकला स्टोव्ह, टायर उतरवायच्या पट्ट्या, जादा ट्यूब, क्लच केबल, प्लग, औषधे. उरलेल्या जागेत कपडे. इथे सामानाची निवड हा दोघांमधला गंभीर व्यवहार होतो. एकाला दुसरा कॅमेरा हवा, दुसऱ्याला चहाची किटली. दोन्ही मावत नाहीत. पहिल्या महिन्यात टपालाने घरी परत पाठवलेली खोकी हा जवळजवळ प्रत्येक जोडप्याच्या हकिकतीतला ठरलेला प्रसंग असतो, आणि काय परत गेले यापेक्षा कोणाचे गेले यावर जास्त वेळ खर्ची पडतो.

मागे बसणाऱ्याची गणना प्रवासवर्णनांत फार स्वस्तात होते. चालवणारा रस्त्याकडे पाहतो. बाकी सगळे मागचा पाहतो. वळण कुठले, पंप किती लांब, पासपोर्ट कुठल्या खिशात, आदल्या गावातल्या माणसाने कोणत्या टेकडीनंतर डावीकडे वळा म्हणून सांगितले होते, हे सारे त्या सीटवर सांभाळले जाते. हेल्मेटमध्ये ब्लूटूथ येण्याआधी ही कामे खांद्यावरच्या थापेवर चालत : एक थाप म्हणजे हळू, दोन म्हणजे थांब. इंटरकॉममुळे बोलणे सोपे झाले, आणि ताशी ८० किलोमीटर वेगाने भांडणेही. एकाच गाडीवरच्या जोडप्यांची छायाचित्रे पाहिली तर बहुतेकांत गाडी आहे, चालवणारा आहे, मागे डोंगर आहे आणि मागची सीट रिकामी आहे. त्या सीटवरचे माणूस कॅमेऱ्यामागे उभे असते. पुष्कळदा ती बाई असते, आणि विक्रमाच्या मथळ्यात तिचे नाव दुसरे येते किंवा येतच नाही.

रस्त्याचा स्वभाव एकट्याला एक आणि डबलसीटला दुसरा दिसतो. कच्च्या रस्त्यावर वाहनांच्या चाकांच्या सततच्या उड्यांनी आडव्या लाटा पडतात. आफ्रिकेत आणि ऑस्ट्रेलियाच्या अंतर्भागात त्या मैलोगणती चालतात. वेग कमी ठेवला तर हाडे खिळखिळी होतात, ७०-८०च्या वर नेला तर चाके लाटांच्या माथ्यांवरून तरंगत जातात, पण ब्रेक आणि वळणे भरवशाची राहत नाहीत. मागे एक माणूस आणि तीन डबे असले की पुढचे चाक हलके होते आणि हँडल हातात राहत नाही. वाळू लागली तर उपाय एकच : मागच्याने उतरून चालायचे. ताजिकिस्तानातील पामीर महामार्गावर ४,६५५ मीटर उंचीची अक-बैतल खिंड आहे. तिथे हवा इतकी विरळ असते की जुन्या कार्बोरेटरच्या इंजिनाचा दम अर्ध्यावर येतो. मागचा उतरतो खरा, पण त्या उंचीवर गाडीपेक्षा त्याचाच दम आधी जातो. बोलिव्हियातले उयुनीचे मिठाचे मैदान १०,००० चौरस किलोमीटरहून मोठे, आरशासारखे सपाट; तिथे कोणीही गाडी मनसोक्त पळवावी. मात्र त्याच संध्याकाळी गोड्या पाण्याने धुतली नाही तर तेच मीठ महिन्याभरात वायरिंग खाते. पॅटागोनियात वारा आडवा येतो आणि दिवसभर गाडी तिरकी ठेवून सरळ जावे लागते. दोन गाड्यांवर असणाऱ्यांना इथे एकमेकांपासून अंतर ठेवावे लागते; जवळ चालणे धोक्याचे.

पृथ्वी रस्त्यांनी सलग जोडलेली आहे, हा नकाशाने दिलेला गैरसमज. पनामा आणि कोलंबिया यांच्यामध्ये सुमारे १०० किलोमीटरचे दारियेनचे जंगल आहे. अलास्कापासून उशुआयापर्यंतची रस्त्यांची साखळी तिथे तुटते. गाडी विमानाने न्यायची किंवा बोटीने. ‘स्टालराटे’ नावाचे १९०३ साली बांधलेले शिडाचे जहाज बरीच वर्षे मोटारसायकली डेकवर बांधून हा टप्पा पार करून देत असे. सायबेरियात चिता ते खाबारोव्स्क हा सुमारे २,१०० किलोमीटरचा पट्टा २०१०पर्यंत पुरता डांबरी नव्हता. त्याआधी अनेकांनी तिथे गाडी रेल्वेत चढवली. चीनमध्ये परकी वाहनाला सरकारमान्य वाटाड्या बरोबर घ्यावा लागतो. त्याचा रोजचा खर्च ऐकून कित्येक जोडपी मध्य आशियातूनच माघारी वळतात.

सोबतीची खरी किंमत आजारपणात आणि अपघातात कळते. सायमन थॉमस यांच्या मानेचे हाड ॲमेझॉनच्या जंगलात मोडले. लिसा बरोबर होत्या, आणि बरे झाल्यावर दोघे पुढे निघाले. एकट्या प्रवाशाला साधा हिवतापही परतीचे तिकीट काढायला लावतो. दोघे असतील तर एकजण लॉजमध्ये पडून राहतो आणि दुसरा औषध, बर्फ, भात शोधत फिरतो. उलट बाजूही आहे. दिवसाचे चोवीस तास, वर्षानुवर्षे, दुसरे कोणी नसताना एकाच माणसाबरोबर राहणे घरात कोणाच्या वाट्याला येत नाही. घरात निदान ऑफिस असते, शेजारी असतात. अनुभवी जोडपी म्हणून साधे नियम पाळतात : गाडीवर असताना भांडायचे नाही, उपाशीपोटी निर्णय घ्यायचा नाही, आणि एकाला भीती वाटली तर तो रस्ता सोडायचा, कारण विचारायचे नाही. शेवटचा नियम सर्वांत अवघड आणि सर्वांत उपयोगाचा.

पैशाचे गूढ वाटते तेवढे नाही. घर भाड्याने द्यायचे किंवा विकायचे, तंबूत झोपायचे, स्वस्त देशांत जास्त राहायचे, वाटेत मिळेल ते काम करायचे. भारत अशा मुक्कामांसाठी लोकप्रिय आहे. २०२५पर्यंत युरोपातून इराण-पाकिस्तानमार्गे येणारी जोडपी उन्हाळ्यात लडाख गाठत आणि थंडीत गोव्याच्या किनाऱ्यावर गाडीची डागडुजी करत बसत.

इथून बाहेर पडू पाहणाऱ्या मराठी जोडप्यासाठी वाट जमिनीपेक्षा कागदांवरून जाते. नेपाळला भारतीय गाडी तिथला भनसार (जकात) भरून सहज नेता येते. पण पश्चिमेची वाट राजकारणाने अडवलेली असल्याने गाडी सहसा मुंबईहून जहाजाने पुढे पाठवावी लागते आणि तिला ‘कार्नेट’ लागते. हे गाडीचे पासपोर्टवजा पुस्तक वर्षभर चालते. त्यात देशागणिक एक पान असते. आत जाताना एक शिक्का, बाहेर पडताना दुसरा. गाडी त्या देशात विकली गेली तर जकात बुडू नये म्हणून आधीच मोठी हमी ठेवावी लागते, आणि बाहेर पडल्याचा एक शिक्का राहिला तरी ती अडकते. भारतात हे काम मुंबईच्या वेस्टर्न इंडिया ऑटोमोबाइल असोसिएशनमार्फत चालत आले आहे. कार्नेट एकाच माणसाच्या नावाने निघते. तेव्हा दोघेही आळीपाळीने चालवणार असतील, तर दुसऱ्याच्या नावाचे अधिकारपत्र आणि आंतरराष्ट्रीय परवाना निघण्याआधीच करून घ्यावा. परक्या सीमेवर नवरा-बायको आहोत एवढे सांगून भागत नाही.