देखभाल : एका शब्दाचा अर्थ

इचलकरंजीत मराठी शिकवताना एक गोष्ट आमच्या फार लवकर ध्यानात आली. ताणाबाणा, धोटा, वीण हे शब्द इतरत्र काव्यातील प्रतिमा असतील. आमच्या वर्गातील अनेक मुलांसाठी ते घरातल्या मिळकतीचे शब्द आहेत. जहागीरदार नारायणराव घोरपडे यांच्या प्रोत्साहनाने विठ्ठलराव दातारांनी १९०४ साली इथे पहिला यंत्रमाग बसवला. त्यानंतर घडलेल्या या गावाचा ध्वनी आमच्या अध्यापनाला सतत साथ देत असतो.

‘देखभाल’ हा असाच एक शब्द. त्याचे दोन्ही घटक ‘पाहणे’ या एकाच क्रियेकडे बोट दाखवतात. परंतु पाहायचे कोणी, आणि न पाहिल्यास किंमत मोजायची कोणी? यंत्रमाग कामगाराची मजुरी पीक आणि मीटर यांच्या हिशोबाने ठरते. माग बंद पडला की कापड थांबते, आणि कापडाबरोबर मजुरीही. यंत्राच्या दुरवस्थेचा पहिला भुर्दंड अशा रीतीने ज्याच्या मालकीचे यंत्र नाही त्यालाच बसतो. झिजलेल्या भागांमुळे कापडात दोष उतरतो. धोटा मागाबाहेर उडाला तर इजा होते, तीही कामगारालाच.

मोजके माग असलेल्या खर्चीवाल्या यंत्रमागधारकाला स्वतंत्र जॉबर परवडत नाही. म्हणून पुष्कळदा एकच जॉबर अनेक कारखान्यांचे माग पाहतो. या सामायिक व्यवस्थेला संस्थात्मक रूप देण्याचे प्रयत्नही झाले आहेत. वस्त्रोद्योग आयुक्तालयाच्या योजनेतील यंत्रमाग सेवा केंद्रे प्रशिक्षण, चाचणी आणि तांत्रिक सल्ला देतात. २०१७ साली सुरू झालेल्या ‘पॉवरटेक्स इंडिया’ योजनेत साध्या मागांना जोडावयाच्या सुधारणांसाठी अनुदान होते. उभा वा आडवा धागा तुटताच माग थांबवणारी यंत्रणा, बीमवरचा ताणा समप्रमाणात सोडणारी रचना आणि परिणामकारक ब्रेक यांचा त्यांत समावेश होता. धागा तुटल्याचे यंत्रालाच कळले, तर अनेक मागांवर एकाच वेळी खिळलेल्या डोळ्यांना क्षणभर उसंत मिळते. हा लाभ उत्पादनाच्या आकड्यांत दिसत नाही. पण तो खरा आहे.

तथापि सामायिकतेत एक धोकाही दडलेला आहे. जॉबर चार ठिकाणी वाटला गेला की वाट पाहण्याचा वेळ वाढतो, आणि तो वेळ बिनपगारी असतो. खर्च मालकांनी वाटून घ्यावा आणि प्रतीक्षा मात्र एकट्या कामगाराने सोसावी, याला सामायिक कसे म्हणावे? त्यामुळे अशा कोणत्याही योजनेची कसोटी आमच्या मते एकच : माग बंद असतानाच्या तासांची जबाबदारी कोण घेतो? या तासांची मजुरी हिशोबात धरली गेली, तर दुरुस्ती आपोआप वेळेवर होऊ लागेल.

वर्गात आम्ही कामगार साहित्य शिकवतो, तेव्हा शोषणाची चर्चा बहुधा मोठ्या शब्दांत होते. पण या गावात ते एखाद्या झिजलेल्या सुट्या भागाएवढेही असू शकते. त्याकडे वेळीच पाहणे म्हणजेच देखभाल.