खोडलेली पानं

नांदेडच्या लेखन कार्यशाळेला मी १९७२च्या दुष्काळावरचा लेख घेऊन गेलो. दहावी शिकलेला माणूस; भारी शब्द घातले की लेख भारी होतो, असं वाटायचं. सरांनी आभाळाच्या वर्णनाची दोन पानं खोडली अन् विचारलं, "तव्हा घरात काय शिजायचं?" मी गप्प. माय दुष्काळी कामावर खडी फोडायची. तिथं मिळालेली सुकडी आम्हा लेकरांना द्यायची अन् स्वतः पाणी पिऊन निजायची. नेमकं हेच लिहायची मला लाज वाटली होती.

उमरीला येऊन लेख चारदा लिहिला. छापायला धाडण्याआधी मायला वाचून दाखवला. ती म्हणली, "सुकडी गोड लागायची, ते राहिलंच की रे."

तेवढं घातलं अन् धाडला.