ओसरीवरचा पाहुणा

दिवाळी संपली, की आमच्या झाडीपट्टीत खरी दिवाळी सुरू होते. वैनगंगेच्या आसपासचा हा धानाचा आणि जंगलाचा मुलूख. भाऊबीजेच्या आगेमागे येथे गावोगाव मंडई भरू लागते. आज या गावची, उद्या त्या गावची. गोवारी मंडळी ढाल घेऊन नाचतात, शिंगाड्यांचे ढीग लागतात, आणि रात्री दंडार किंवा नाटक उभे राहते ते पहाटेपर्यंत चालते. सासरी गेलेल्या लेकी दिवाळीला आल्या नाहीत, तरी मंडईला माहेरी येतातच. नोकरीसाठी बाहेर पडलेली माणसेही येतात. मीही पन्नास वर्षे येत आलो. यंदाही गेलो, पण चिचगडात उतरायला माझे घर नव्हते.

चिचगड तुमच्यापैकी फार थोड्यांनी ऐकले असेल. नागपूरहून रायपूरच्या रस्त्याने भंडारा आणि साकोली मागे टाकून देवरीला यायचे, आणि तेथून दक्षिणेला जंगलाच्या रस्त्याला लागायचे. आजोबांनी आमचे घर बांधले, तेव्हा हे गाव मध्य प्रदेशात होते. १९५६ साली ते मुंबई राज्यात आले, १९६० साली महाराष्ट्रात आले, आणि १९९९ साली भंडारा जिल्ह्यातून निघून नव्या गोंदिया जिल्ह्यात गेले. इतके फिरलेले घर विरळाच. आणि एवढ्या फिरण्यात त्याचे एक कवेलूदेखील जागचे हलले नव्हते.

घर म्हणजे काही वाडा नव्हता. मातीच्या भिंती, सागाचे खांब, पुढे ओसरी, आत धानाचा ढोला, मागे विहीर आणि वाडी. पण मातीचे घर एकदा बांधले की झाले, असे नसते. ते दरवर्षी नव्याने उभे करावे लागते. वानरे उड्या मारून कवेलू फोडतात. म्हणून पावसाळ्याच्या तोंडाशी सगळे छप्पर उतरवून, फुटके कवेलू बाजूला काढून, ते पुन्हा फेरावे लागते. भिंतींचे पोपडे बुजवायचे, त्या मातीने पोतायच्या, जमीन शेणाने सारवायची. मी शिडीखाली उभा राहून कवेलू वर देत असे, आणि हातून एखादे निसटले की आई म्हणे, “हळू रे, ते पावसाचं पोर आहे.” याचा अर्थ मला तेव्हा कळला नाही, आजही पुरता कळला आहे असे नाही.

अकराव्या वर्षी शिकायला म्हणून मी गाव सोडले. दुःख झाल्याचे आठवत नाही. नवी पत्र्याची पेटी मिळाली होती, तिचाच आनंद मोठा होता. घर मागे होतेच. ते कोठे जाणार होते? पुढे नागपुरात नोकरी लागली, संसार झाला. चिचगडच्या घराच्या गोष्टी मी मित्रांना इतक्या सांगितल्या, की त्यांतल्या एकदोघांना ते पाठ झाले होते. मात्र छपरावर कवेलू फेरायला कोणत्या साली मी शेवटचा गेलो, हे मला कुणी विचारले असते तर सांगता आले नसते.

वडील गेल्यावर आई एकटीच राहिली. एका सकाळी ती विहिरीपाशी घसरली, तेव्हा मी तिला नागपूरला न्यायचे ठरवले. तिने फारसा विरोध केला नाही. निघायच्या दिवशी मात्र दुखरा पाय ओढत तिने सगळे घर सारवले. मी दाराला कुलूप घातले. “कुलूप कायले?” तिने विचारले. मी म्हणालो, “घर आपलेच आहे. आहे तसे ठेवू.” ती काही बोलली नाही.

आहे तसे ते एकच पावसाळा राहिले. दुसऱ्या श्रावणात फोन आला, की मागची भिंत बसली. मी गेलो. ढोल्यात उंदीर होते, खांबाला वाळवी लागली होती, आणि आईने सारवलेल्या जमिनीवर पाणी साचले होते. परत येऊन तिला थोडेच सांगितले. पण तिला सगळे कळले. ती म्हणाली, “घराले मानूस लागते, बापू. कुलूप लावशील तं घर मरून जाईल.”

घर घ्यायला दोन गिऱ्हाइके होती. एका व्यापाऱ्याला तेथे धानाचे गोदाम करायचे होते, आणि तो पैसा चांगला देत होता. दुसरे कुटुंब आमच्याच बांधीत पिढ्यान्‌पिढ्या रोवणीला येणारे. त्यांच्याजवळ निम्मेच पैसे होते. आईने घर त्यांना दिले. मी चिडलो. पैशासाठी चिडलो असे मी स्वतःला सांगितले, पण ते खरे नव्हते. आयुष्य त्या घरात घालवलेली बाई ते असे सहज देऊन टाकते, आणि अकराव्या वर्षी निघून गेलेला मी त्याला धरून बसतो, हेच मला सोसले नाही. आईला घर हवे होते. मला त्याची आठवण हवी होती, आणि तिच्यासाठी मी घराला कुलूप घातले होते.

मग वैनगंगेकाठची माणसे मला आठवली. १९८८ साली पायाभरणी झालेल्या गोसीखुर्द धरणाच्या पाण्यात त्यांची गावेच्या गावे गेली. आपले घर कुणाला द्यायचे, हे ठरवण्याची सोयही त्यांना मिळाली नाही. आईला ती मिळाली होती, आणि तिने ती वापरली, एवढेच.

आई गेल्या वर्षी गेली. यंदा मंडईला मी एकटाच गेलो. घराशी पाय अडखळले, तोच आतून हाक आली, “या पाहुणे, बसा.” ज्या ओसरीवर मी रांगलो, तेथे मला चटई टाकून बसवले, पाणी दिले, चहा दिला. मागची भिंत आता विटांची होती. कोनाड्यात दूरदर्शन संच होता. एक लहान मुलगी आईच्या तुळशीपाशी पणती लावत होती. तिला ते तुळशीवृंदावन आईचे आहे हे ठाऊक नव्हते, आणि ठाऊक असण्याचे कारणही नव्हते. पाहुणा हा शब्द मला टोचला, हे लपवण्यात अर्थ नाही. पण जमीन सारवलेली होती.

घरधनी म्हणाले, “राती नाटकाहून इथंच या झोपाले.” पहाटे परतलो आणि ओसरीवर आडवा झालो. उजाडताना डोळे उघडले, तर छपरातल्या एका फुटक्या कवेलूतून उन्हाची तिरीप नेमकी माझ्या उशाशी आली होती. मी उठून शिडी शोधू लागलो. तेवढ्यात घरधनी बाहेर आले, वर पाहिले आणि म्हणाले, “काल वानरानं फोडलं. आज बदलतो. तुम्ही निजा.”

मी पुन्हा आडवा झालो, आणि कितीतरी दिवसांनी मला तेथे गाढ झोप लागली.