तडकलेल्या काचेचा धडा

हसनाबादहून एसटीने जालना, तेथून रेल्वेने मुंबई. पुतणी रंगीत काचकाम शिकते, तो वर्ग पाहायला आम्ही गेलो होतो. टेबलांवर मुलामुलींच्या अर्धवट खिडक्या होत्या. खाली पूर्ण मापाचे चित्र, प्रत्येक तुकड्याला क्रमांक. काच कापायची, कडा घासायच्या, शिशाच्या पट्ट्यांत बसवून सांधे झाळायचे.

आमच्यासमोरच पुतणीच्या मोराची निळी काच तडकली. महागडी काच! आमच्या काळजात चर्र झाले. "काका, क्रमांक तोच, तुकडा नवा," म्हणत तिने पुन्हा आखणी केली.

१८७८ च्या राजाबाई टॉवरखालील विद्यापीठ ग्रंथालयाच्या रंगीत खिडक्याही अशाच तुकड्यातुकड्यांच्या.

बंधू-भगिनींनो, एक काच फुटली म्हणून मुलीचे शिकणे थांबवू नका. मोर अजून अपुरा आहे. पुढच्या खेपेस पुरा पाहू.